मिशन कॅम्पला पहिल्यांदा निघताय? आधी पाड्याचं कॅलेंडर बघा

चर्चच्या तरुण संघातर्फे ठाण्याहून आदिवासी पाड्यावर तीनेक दिवस सेवेला जायचं, तो मिशन कॅम्प. यादीत नाव गेलंय, फॉर्मवर घरच्यांची सही झालीय, ग्रुपवर अंगठे पडलेत. बॅगेत काय भरायचं ते नंतर बघू. आधी अॅनिमेटरला, म्हणजे तुमचा गट चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारा: तारीख कशावरून ठरली? ‘परीक्षा संपतात म्हणून’ असं उत्तर आलं, तर कॅम्प निम्मा तिथेच फसला. कडवट वाटेल, पण शहापूर, मुरबाड नाहीतर कर्जतकडच्या पाड्यांवर चार वर्षं काढलेला कुणीही आधी तारखेबद्दलच बोलेल.

आपल्या सुट्ट्या तीन: दिवाळी, नाताळ, मे. पाड्याचं वर्ष वेगळं चालतं. जूनमध्ये भाताची पेरणी, जुलैत आवणी म्हणजे रोपांची लावणी, ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापणी आणि झोडणी. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पावसाच्या तोंडापर्यंत मुक्काम भट्टीवरच. मागे सांभाळायला कुणी नसलं की मुलंही बरोबर जातात.

आता नाताळचा कॅम्प डोळ्यापुढे आणा. गिटार, क्रेयॉनची खोकी, महिनाभर बसवलेली नाटुकली घेऊन तुम्ही कातकरवाडीत पोचलात. निम्म्या दारांना बाहेरून तारेची गाठ. ओट्यावर एक म्हातारी, दोन कोंबड्या. ज्या पोरांसाठी गाणी बसवली ती भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर आहेत, म्हणजे पाड्यापेक्षा तुमच्या ठाण्यालाच जवळ. म ठाकूर (ठाकूर जमातीतली एक शाखा) किंवा वारली वस्ती इतकी रिकामी होत नाही, पण विचारल्याशिवाय तेही गृहीत धरू नका.

मे महिना याहून वाईट, कारण तेव्हा चूक दिसतही नाही. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथे तुम्ही चोवीस जण उतरता. आंघोळ, संडास, भांडी, स्वयंपाक धरून माणशी पंचवीस लिटर म्हटलं तरी दिवसाला 600 लिटर. हंडा आणि वर कळशी मिळून वीसेक लिटर धरा, म्हणजे तीस खेपा. विहिरीची एक खेप पाऊण तासाची असेल तर साडेबावीस तास, तेही फक्त एका दिवसाच्या पाण्याचे. ते कुणाच्या तरी आईच्या मानेवर येतात. पाहुण्याला कुणी पाणी नाही म्हणत नाही, त्यामुळे ‘गावकरी किती प्रेमळ’ असं म्हणत तुम्ही परत येता आणि मागे पिंप कोरडं असतं. यात आम्हीही तोंडावर आपटलोय, म्हणून इतकं लांबवतोय. मेमध्येच जायचं असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत या आणि पिण्याचं पाणी ठाण्याहून भरून न्या. मुक्काम नको.

उरते दिवाळीची सुट्टी, आणि तीच धरा. कापणी उरकत आलेली, भट्टीची गाडी अजून आलेली नाही, ओढ्याला पाणी आहे, आश्रमशाळेतली मुलंही सुट्टीत घरी आलेली. ही फट चार-पाच दिवसांचीच असते आणि दरवर्षी पुढेमागे सरकते. सप्टेंबरमध्येच पाड्यावर फोन करून तीन गोष्टी विचारा: झोडणी कधी उरकेल, भट्टीवर कधी निघणार, ओढा कधीपर्यंत वाहतो. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्या दिवशी कॅथलिक घरांतल्या मुलांना घरचे सोडणार नाहीत, तो वगळा. अकरावी-बारावीवाल्यांचे क्लास दिवाळीतही चालू असतात. त्यांनी दोनच दिवस यावं आणि तसं आधी सांगावं. आदल्या रात्री गळणाऱ्यांमुळे स्वयंपाकाचं गणित बिघडतं.

हे प्रश्न विचारायचे कुणाला? गिटारवाला अॅनिमेटर मुलांत लाडका असतो, पण त्याला पाड्याची वाट मॅपवरच माहीत असते. त्या भागात दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर, धर्मशिक्षण देणारे जुने कॅटेकिस्ट, तरुण संघातले ते काका जे बैठकीत शेवटी एकच वाक्य बोलतात, त्यांना धरा. असं माणूस नसेल तर यंदा कॅम्प करू नका. एक वर्ष थांबलात म्हणून काही बिघडत नाही.

करायचं काय? तीन दिवसांत कुणाला इंग्रजी येत नाही, तो नाद सोडा. दिवाळीच्या सुमाराला हातानं होण्यासारखं आणि मागे राहणारं काम म्हणजे वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढा अडवायचा. जागा गावकरी आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवतील, ती तुम्ही निवडू नका. वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी आधी. काठ मजबूत, पात्र अरुंद आणि उतार कमी अशी जागा लागते.

सहा मीटर रुंद आणि मीटरभर उंच बंधाऱ्याला सव्वादोनशे ते अडीचशे पोती धरा, वर पंचवीस फाटकी निघतील म्हणून. ठाण्यात घोडबंदर रोडला बांधकामांची कमी नाही. कंत्राटदाराला दोन आठवडे आधी सांगून ठेवा, नाहीतर पोती भंगारात जातात. झटकताना मास्क लावा आणि पोती नेण्याआधी इथेच धुऊन घ्या. उरलेलं सिमेंट ओल्या हाताला लागलं की कातडी सोलते, म्हणून हातमोजे.

आता मुख्य चूक. पोतं गच्च भरायचं नाही. पाऊण भरायचं आणि तोंड दाभण-सुतळीनं शिवायचं. घाई झाली की मुलं तोंड पिळून गाठ मारतात. गाठीचा गोळा वर राहतो, पुढचं पोतं त्यावर डुगडुगतं, मध्ये बोटभर फट पडते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. शिवलेलं, थोडं सैल पोतं विटेसारखं सपाट बसतं. विटेसारखेच सांधेही चुकवायचे, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरच्या पोत्याचं पोट. दोन भिंती उभ्या करून मध्ये चिकण माती धुम्मसनं, म्हणजे जड ठोकण्यानं, ठोकायची. पाया रुंद, माथा अरुंद. सगळ्यात आधी पात्रातली सैल वाळू आणि पालापाचोळा खरवडून टणक तळ उघडा करायचा. हे टाळलंत तर बंधारा वरून देखणा दिसेल आणि खालून रात्रभर गळेल.

पाऊण भरलेलं वाळूचं पोतं चाळीसेक किलोचं होतं. रिकामी पोती जागेवर नेऊन तिथेच भरा. एकट्यानं उचलायचं नाही. दोघांनी कान धरायचे, पाठ सरळ, गुडघ्यातून उठायचं. दहावीतली मुलं पहिल्या तासात ताकद दाखवतात आणि दुपारी कंबर धरून बसतात. काम येत नाही म्हणून मात्र घाबरू नका. पोतं शिवणं दहा मिनिटांत जमतं, आणि पाड्यावरची पोरं तुमच्या टाक्यांना हसत हसत ते शिकवतात. तुमच्या शिकवण्यापेक्षा ही शिकवणी बरी.

कागदपत्रं. सरपंच, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना लेखी पत्र द्या: किती जण, कोणत्या तारखा, काम काय, मोठी माणसं कोण. शाळेच्या खोलीत मुक्काम असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र वेगळं. आश्रमशाळेत काही करायचं असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते; शहापूरला आणि पेणला ती कार्यालयं आहेत. आणि हे स्पष्ट लिहितो: पत्रकं, पुस्तिका, आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना, पाड्यावरच्या मुलांकडून आपली गाणी म्हणवून घेणं, यातलं काहीही नको. सकाळची प्रार्थना आपली आपल्यात, मुक्कामाच्या खोलीत. सेवा करायला आलो असं पत्रात लिहिलंय, तर तेवढंच करायचं. फादर असोत की पाळक, हे निघण्याआधी त्यांच्याच तोंडून सगळ्यांना ऐकवा. कपडे आणि चॉकलेटं वाटणंही बंद. एकदा वाटली की पुढच्या वेळी पोरं तुमच्या बॅगेकडे बघतात. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि विचारलं तरी नाकातून शेंबूड येतोय असा फोटो स्टेटसला टाकायची गरज नसते.

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मुलींबरोबर बाई हवीच. कुणीही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहणार नाही, ना आपल्या, ना पाड्यावरच्या. फॉर्मवर रक्तगट, अॅलर्जी, दमा. इन्हेलर मुलाच्या खिशात, बॅगेच्या तळाशी नको. पॅड वापरून झाल्यावर कागदात गुंडाळून परत आणायचे.

भाताचं शेत म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हणजे साप. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश धड जाणवतही नाही, म्हणून मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. दंश झाला तर आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र, सगळं वर्ज्य. हातपाय हलू न देता 108 ला फोन. पाड्यावर रेंज कुठल्या टेकाडावर मिळते ते पहिल्याच संध्याकाळी बघून ठेवा, आणि जीप कुणाकडे आहे तेही. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब ते विचारून घ्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे.

जेवण सोपं आहे. चोवीस जणांना एका वेळी तीन किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ; पोती उचलून आलेली पोरं घरच्यापेक्षा जास्त खातात. भाजी पाड्यावरूनच विकत घ्या. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर, म्हणजे रोज वीस लिटरचे पाच जार, शहापूरहून. जीन्स नेऊ नका, वाळत नाही. सुट्टे पैसे न्या.

वाशी-नेरुळकडच्यांनी ट्रान्स हार्बरनं ठाण्याला यायचं आणि पूल ओलांडून कसारा लोकल पकडायची. उतरायचं आसनगावला. पुढे शहापूर, डोळखांबकडे एसटी. चोवीस जण पोत्यांच्या गठ्ठ्यांसह सकाळी आठच्या गर्दीत शिरणार असाल तर विसरा. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं पाठवा.

सर्टिफिकेटबद्दल. किती तास सेवा केली याचा कागद हवा म्हणून येणारे असतात. येऊ द्या, त्यांच्या हातची पोतीही तितकीच सपाट बसतात. पण कागद नोव्हेंबरमध्ये देऊ नका. ही प्लॅस्टिकची पोती उन्हानं विरतात आणि पहिल्या मोठ्या पुरात चिंध्या होऊन खालच्या शेतांत जातात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवसाची खेप करायची: पहाटेची कसारा लोकल, पाणी आपलं आपण, पोती सोडवून माती काठावर पसरायची, चिंध्या गोणीत भरून ठाण्याला परत. बंधाऱ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत होतं ते त्या दिवशी बायकांना विचारायचं आणि वहीत लिहायचं. कागद त्या संध्याकाळी, आसनगाव स्टेशनवर.