लॉन लावताय? आधी लव्हाळा काढा, मग बाकीचं

पाडवा झाला की ठाणे-नवी मुंबईतल्या रोहाउसवाल्यांना अंगणात लॉन हवं असतं, तेही पोरांना सुट्टी लागायच्या आत. नर्सरीवाला लॉनचे तुकडे आणून अंथरतो, संध्याकाळपर्यंत सगळं हिरवंगार. खालची जमीन कशी आहे, हे कोणी बघत नाही.

खाली लव्हाळा हे चिवट तण असतं. देठ बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागल्या तर तोच. उटण्यात घालतो तो नागरमोथा म्हणजे याच्याच गाठी. जमिनीत त्या एकमेकींना धाग्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. वरून पात उपटली की धागा तुटतो, गाठ आतच राहते आणि पुन्हा फुटते.

खारघरला मामांच्या मागच्या अंगणात नेमकं हेच झालं. "मामा, पाऊस संपेपर्यंत थांबा," असं मी म्हणत होते, पण ठेकेदाराने पॉवर टिलर फिरवला. जमीन भुसभुशीत झाली, सगळे खूश. टिलरने गाठींच्या माळा तोडून अंगणभर पसरवल्या होत्या. मे महिन्यात लॉन अंथरलं, गणपतीपर्यंत त्यातून लव्हाळ्याच्या पाती सरळ वर आल्या होत्या. सगळं लॉन उचलून टाकावं लागलं. मग मामी आणि मी खुरपी घेऊन बसलो, माती चाळणीतून काढली.

माझी पद्धत सोपी आहे, फक्त वेळ खाते. जमिनीला पाणी द्या, तण उगवू द्या, बागकामाच्या काट्याने खालून उचलून गाठीसकट काढा. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. नवीन कोंब येणं जवळजवळ थांबेपर्यंत लॉनचं नाव काढू नका. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. "ग्लायफोसेट (तणनाशक) मारून मोकळे व्हा" असं सांगणारे भेटतील. त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच करावा, असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला आहे. पोरं लोळणार त्या जमिनीवर मी तरी ते मारू देणार नाही.

दुसरी चूक म्हणजे रॅबिटवर, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्यावर, लॉन. बिल्डरने सोडलेल्या अंगणात वीतभर खाली प्लास्टर आणि विटांचे तुकडे निघतात. फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर आधी निचरा सुधारा, नाहीतर जुलैत मुळं कुजणार. वर सहा इंच लाल माती, त्यात वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्च्या शेणखतातून तणाचं बी येतं. उतार घरापासून बाहेर, दहा फुटांना इंच-दीड इंच.

खाडीजवळ माती खारट असेल तर पास्पलम हे खारटपणा सोसणारं गवत लावा. आंब्याखाली लॉन लावायचा हट्ट सोडा, तिथे फरशी घाला. पाणी सकाळी द्या, रोज थोडं शिंपडण्यापेक्षा अधूनमधून, पण खोलवर. पहिली कापणी मुळं धरल्यावरच, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पात कापू नका.