रॅममध्ये बिल्ड करायच्या आधी हे मोजून बघा

दारव्हा तालुक्यात टिनाखालच्या खोलीत बसून मी सी++चं काम करतो. लॅपटॉप जुना, आत फिरणारी हार्ड डिस्क, बॅटरी नावापुरती. डिप्लोमावाली पोरं विचारतात, "भाऊ, सारं रॅममंदी टाकून कंपाइल केलं त लवकर होते का?" कंपाइल किंवा बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून (सोर्सपासून) चालणारा प्रोग्राम तयार करणं. रॅममध्ये नेऊन ते लवकर होतं का? बहुतेक वेळा नाही.

लिनक्स एकदा वाचलेली फाइल मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतो. कंपायलरच्या ऑब्जेक्ट फाइलीही (प्रोग्रामचे कंपाइल झालेले तुकडे) आधी रॅममध्येच पडतात, डिस्कवर मागाहून, साधारण ३० सेकंदांनी जातात. वेळ खातो तो प्रोसेसर.

बिल्ड चालवणाऱ्या मेक (make) कमांडच्या आधी टाइम (time) लावा. रिअल, युजर, सिस असे ३ आकडे येतील. रिअल म्हणजे घड्याळातला वेळ, बाकीचे दोन म्हणजे प्रोसेसरचा खर्च झालेला वेळ. युजर आणि सिसच्या बेरजेला रिअलनं भागा. ४ कोअर, ४ जॉब (मेकनं एकावेळी चालवलेली कामं) आणि उत्तर ४ च्या आसपास असेल, तर प्रोसेसर पुरता जुंपलेला आहे. रॅमनं काही हाती लागणार नाही. उत्तर बरंच कमी आलं तर व्हीएमस्टॅट (vmstat) कमांडमधला डब्ल्यूए (wa) रकाना बघा, तो डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ दाखवतो. तो फुगला असेल तरच दोष डिस्कचा. नाहीतर एकाच कोअरवर अडकलेलं लिंकिंग (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणं) असू शकतं.

डिस्कवर आधी आणि रॅममध्ये नंतर मोजलं की रॅम जिंकतेच, कारण तोवर सोर्स कॅशमध्ये, म्हणजे लिनक्सनं रॅममध्ये धरलेल्या साठ्यात, आलेला असतो. म्हणून दर मोजणीआधी सिंक (sync) करून ड्रॉप कॅशेसमध्ये (/proc/sys/vm/drop_caches) ३ लिहा, म्हणजे तो साठा रिकामा होतो. आणि मे महिन्यात सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी लावू नका. पारा ४५ ला टेकला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. कूलरसमोर लॅपटॉप ठेवायचा सल्ला देणारे भेटतात. त्या ओल्या वाऱ्यात मी तरी ठेवत नाही.

दोष खरंच डिस्कचा निघाला तर सोर्स डिस्कवरच राहू द्या, फक्त बिल्ड फोल्डर टीएमपीएफएसमध्ये (tmpfs, रॅममध्ये राहणारी फाइलींची जागा) न्या. डेव्हमधलं एसएचएम (/dev/shm) ही अशीच जागा, ती बहुतेक लिनक्सवर तयारच असते, मर्यादा सहसा रॅमच्या निम्मी. बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकला (CMake) बिल्डसाठी तोच पत्ता द्या. रॅम अपुरी पडली की माल स्वॅपमध्ये, म्हणजे परत डिस्कवरच. ८ जीबीखाली मी या नादी लागत नाही.

लाइट गेली की टीएमपीएफएस साफ. आमच्याकडे ती जातेच. म्हणून सोबत सीकॅश (ccache) हे साधन लावा आणि त्याचा साठा डिस्कवर ठेवा. न बदललेल्या फाइली तो पुन्हा कंपाइल करत नाही, त्यामुळे लाइट आल्यावर बिल्ड पहिल्यापासून रेटावं लागत नाही.