ऑफिसचा आयपी पुन्हा पुन्हा ब्लॅकलिस्टमध्ये: माझा अनुभव

ऑफिसातून पाठवलेले मेल '५५०' एरर घेऊन परत येत होते आणि त्यात स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेच्या एक्सबीएल या ब्लॅकलिस्टचा उल्लेख असायचा. या यादीत मालवेअर शिरलेल्या यंत्रांचे आयपी जातात, हे मी आधी नीट वाचलंच नाही.

एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद) तपासला, बरोबर होता. मेल सर्व्हरचे पासवर्ड बदलले. यादीतून नाव काढायचा अर्ज दोनदा केला, दोन्ही वेळा दोन दिवसांत परत तिथेच. तीन आठवडे डोक्याला नुसता ताप!

ऑफिसातली सगळी यंत्रं बाहेर एकाच आयपीने दिसतात, म्हणून दोषी यंत्र शोधायचं ठरवलं. शेवटी लागू पडलं ते असं. राउटरच्या फायरवॉलमध्ये पहिला नियम: मेल सर्व्हरच्या आयपीवरून बाहेर जाणारं टीसीपी पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात तो मार्ग) चालू. लगेच त्याखाली दुसरा: बाकी सगळ्या लॅनसाठी, म्हणजे ऑफिसातल्या इतर यंत्रांसाठी, पोर्ट २५ बंद, लॉग चालू. (क्रम उलटा झाला तर आपलेच मेल अडतात. मी तेही करून पाहिलं.) कर्मचाऱ्यांचे मेल पोर्ट ५८७ वरून जातात, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. दहा मिनिटांत लॉगमध्ये एकच अंतर्गत आयपी शेकडो वेळा दिसला. डीएचसीपीच्या यादीत (कोणत्या यंत्राला कोणता आयपी दिला त्याची नोंद) त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) जुळवला, तर निघाला स्टोअररूममधला, फक्त डिलिव्हरी चलन छापणारा विंडोज ७ चा पीसी. अँटिव्हायरस तपासणीत मी त्याला धरलंच नव्हतं.

केबल काढली, फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं, त्यावर वापरलेले सगळे पासवर्ड बदलले. २४ तास लॉग कोरा राहिल्यावरच तिसरा अर्ज केला. चार महिने झाले, आयपी यादीत परत गेलेला नाही. दोन्ही नियम तसेच ठेवलेत.