नऊचा आकडा आणि नववे स्थान: शुभ-अशुभ ग्रह ठरवायला शिकताना

ज्योतिष शिकायला लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा आत्याने स्वतःची पत्रिका माझ्यासमोर ठेवली. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तूळ आणि गुरूची 16 वर्षांची महादशा, म्हणजे गुरूच्या अमलाचा काळ, नुकतीच लागलेली. "गुरू तुझा भाग्येश आहे, आता काळजीच नाही," असे मी ठामपणे सांगितले (भाग्येश म्हणजे नवव्या, भाग्याच्या स्थानाचा स्वामी) आणि तिने त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत जाऊन पुष्कराजाची, म्हणजे गुरूच्या रत्नाची, चौकशी केली. शिवाजी पेठेत ज्या गुरुजींकडे मी संध्याकाळी शिकायला जात असे, त्यांनी ती पत्रिका पाहून एवढेच म्हटले, "भाग्यस्थानावर बोट ठेव." मी 9 या आकड्यावर बोट ठेवले. ते तिसरे स्थान होते.

नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक हीच असते. आपल्याकडच्या कुंडलीत स्थाने कायमची ठरलेली असतात. वरच्या मधल्या घरात लग्न धरायचे आणि तिथून डावीकडे मोजत जायचे. घरात लिहिलेला आकडा स्थानाचा नसून राशीचा असतो. तूळ ही सातवी रास, म्हणून लग्नात 7 हा आकडा येतो आणि तिसऱ्या स्थानात 9, म्हणजे धनू रास. गुरूची दुसरी रास मीन सहाव्या स्थानात पडते. त्यामुळे या लग्नाला गुरू तृतीयेश आणि षष्ठेश ठरतो. भाग्येश बुध असतो.

"गुरू सज्जन आहे, पण या घरात त्याच्याकडे खाते कोणते दिले आहे ते बघ," हे गुरुजींचे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. गुरू, शुक्र, शुक्ल पक्षातला चंद्र आणि पापग्रहांच्या संगतीत नसलेला बुध हे स्वभावाने शुभ. शनी, मंगळ, रवी, राहू, केतू हे पापग्रह. ही यादी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. मात्र एखाद्या पत्रिकेत ग्रह फळ कसे देणार, हे तो कोणत्या स्थानांचा स्वामी आहे यावरून ठरवायचे असते आणि त्याचे नियम लघुपाराशरीत थोडक्या श्लोकांत सांगितलेले आहेत. त्रिकोणाचे, म्हणजे पहिल्या, पाचव्या आणि नवव्या स्थानाचे स्वामी शुभ फळ देतात, मग ते स्वभावाने पापग्रह का असेनात. तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या स्थानाचे स्वामी अशुभ मानले जातात. लाभेशही, म्हणजे अकराव्या लाभस्थानाचा स्वामीही, या यादीत आहे, हे वाचून मी गोंधळलो होतो. आठवे स्थान हे भाग्याचे व्ययस्थान, म्हणजे नवव्यापासून बारावे, म्हणून अष्टमेश शुभ नाही. पण तोच लग्नेश असेल, जसा मेषेला मंगळ, तर दोष उरत नाही. दुसऱ्या आणि बाराव्या स्थानाचे स्वामी संगतीप्रमाणे आणि आपल्या दुसऱ्या राशीच्या स्थानाप्रमाणे वागतात.

केंद्रस्थानांचा, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानांचा, नियम समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. शुभ ग्रह केंद्राचा स्वामी झाला की त्याचे शुभत्व ओसरते आणि पापग्रह झाला की त्याचे पापत्व ओसरते. परंतु तोच ग्रह केंद्राबरोबर त्रिकोणाचाही स्वामी असेल, तर तो योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा, होतो. वृषभ आणि तूळ लग्नांना शनी, कर्क आणि सिंहेला मंगळ, मकर आणि कुंभेला शुक्र. ज्या शनीच्या नावाने आत्या दर शनिवारी तेल वाहते, तोच तिच्या पत्रिकेत चतुर्थेश आणि पंचमेश, म्हणजे योगकारक आहे, हे तिला अजून पटलेले नाही.

मंगळाचेही तसेच. कर्क लग्नाला सप्तमात मकरेचा मंगळ म्हणजे उच्चीचा, सर्वांत बलवान राशीतला योगकारक. तरी स्थळे पाहणारी मंडळी "मंगळ आहे" म्हणून पत्रिका परत करतात. विवाहमेलनातला मंगळदोष आणि ग्रहाचे योगकारक असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि शिकणाऱ्याने ते एकत्र करू नयेत.

काही ठिकाणी निकाल सरळ लागत नाही. मिथुनेला शनी अष्टमेशही आहे आणि भाग्येशही. त्याची मूळत्रिकोण रास, म्हणजे त्याच्या दोन राशींपैकी अधिक महत्त्वाची रास, कुंभ नवव्या स्थानात येते, म्हणून मी त्याला शुभाकडे झुकता धरतो. उलट कन्येला तीच कुंभ सहाव्यात जाते, तेव्हा पंचमेश असूनही मी हात राखून बोलतो. इथे अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहणार.

हे सगळे लग्न अचूक असेल तरच उपयोगाचे. कोल्हापूर सुमारे 74 अंश 14 कला पूर्व रेखांशावर असल्यामुळे इथली स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 33 मिनिटे मागे असते. हाताने पत्रिका मांडताना हा फरक विसरला, तर लग्न आठेक अंशांनी चुकते. आत्याची जन्मवेळ घरात "काकड आरतीच्या सुमाराला" एवढीच सांगितली जाते. गुरुजींनी पुन्हा गणित केले, तेव्हा तूळ लग्न दोनच अंशांवर निघाले. आठ-नऊ मिनिटे मागे गेले की लग्न कन्या होते आणि गुरू चतुर्थेश-सप्तमेश, म्हणजे केंद्राधिपती दोषाचा (शुभ ग्रह केंद्रांचा स्वामी झाल्याचा) आणि वर मारक, म्हणजे घातक मानलेल्या स्थानाचा स्वामीही. दोन्ही पत्रिका मी वहीत शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत. पुष्कराज मात्र दोहोंतही निघत नाही, एवढे मी तिला फोन करून कळवले.