‘मेमरी फुल झाली!’ – रॅम, डिस्क आणि जीबीच्या हिशोबातल्या या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये एक गुरुजी भिजत दुकानात आले. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि म्हणाले, “मेमरी फुल झालीये. रॅम वाढवून द्या, कितीही लागू देत.”

गिऱ्हाईक स्वतःहून खर्च करायला तयार असलं की दुकानदाराने गप्प बसावं, असं आमच्या धंद्यात म्हणतात. पण मी आधी लॅपटॉप उघडून बघितला. रॅम 8 जीबी होती आणि त्यातली निम्मी मोकळी. सी ड्राइव्हची पट्टी मात्र लालभडक. डाउनलोड्स फोल्डरमध्ये एकच शासकीय परिपत्रक अकरा वेळा उतरवलेलं, पुढे कंसात एक, दोन, तीन करत दहापर्यंत आकडे. जोडीला तीन वर्षांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ. यात मी 16 जीबी रॅम घातली असती तरी ती पट्टी तसूभर हलली नसती.

सगळा घोळ ‘मेमरी’ या एका शब्दाचा आहे. फोनमधल्या कार्डाला मेमरी, रॅमला मेमरी, हार्ड डिस्कलाही मेमरी. रॅम कुठली आणि डिस्क कुठली हे ओळखायला लोडशेडिंगच्या आठवणी पुरेशा आहेत. दुपारभर टाइप केलं, सेव्ह केलं नाही आणि लाइट गेली. जे गेलं ते रॅममध्ये होतं. लाइट आल्यावर जे जागच्या जागी सापडलं ते डिस्कवर होतं. रॅमला वीज असेपर्यंतच आठवतं. डिस्कला वीज नसतानाही आठवतं, म्हणून तिला स्टोरेज म्हणायचं.

फोनच्या खोक्यावर ‘8 जीबी, 128 जीबी’ लिहिलेलं असतं, तेही हेच. हल्ली त्यावर ‘8 प्लस 8 जीबी रॅम’ असंही छापतात. त्यातली दुसरी 8 ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. खऱ्या रॅमचा वेग तिला नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मशीन हळू चालतंय म्हणून थेट रॅम घेऊ नका

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि रोजची कामं चालू ठेवून आकडे बघा. मेमरी 85-90 टक्क्यांच्या वरच राहत असेल तर रॅम खरंच कमी पडतेय. मेमरी निम्म्यावर, पण डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर घाला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई जागा शोधत धावते. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, तिथे तिचा दम निघतो. साटा नावाच्या जोडणीची साधी एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास देते आणि तिच्यात धावणारी सुईच नसते. दहा वर्षं जुना लॅपटॉप फक्त एवढ्या बदलाने उठून बसलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय.

एसएसडी लावल्यावर जुन्या सवयीने कुठलं तरी सॉफ्टवेअर टाकून डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, करत बसू नका. तो उपाय फिरत्या तबकडीसाठी होता. एसएसडीची देखभाल विंडोज स्वतः करतं, तिला उगाच लिहायला लावून झिजवण्यात अर्थ नाही.

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघडा. जागा कुणी खाल्लीय त्याची यादीच मिळते. टेम्पररी फाइल्स आणि आधीच्या विंडोजचे अवशेष तिथूनच काढा. रिसायकल बिन रिकामा करा, कारण तिथे पडलेली फाइल जागा सोडत नाही. विंडोज नावाच्या फोल्डरमध्ये शिरून ‘हे काय कामाचं दिसत नाही’ म्हणत हाताने डिलीट मात्र करू नका. तसं करून आलेली मशीनं दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या टेबलावर असतात.

एक जुनी भानगड अजूनही भेटते. रॅम 8 जीबी बसवली, पण कॉम्प्युटर जेमतेम सव्वातीन जीबीच वापरतो. दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा आत 32 बिटचं विंडोज असतं. त्याची मजल 4 जीबीपर्यंतच, आणि त्यातलाही काही भाग हार्डवेअरसाठी राखून ठेवलेला. 64 बिटचं विंडोज टाकलं की पूर्ण रॅम दिसते.

‘1 टीबी’ घेतली, 931 जीबीच दिसते

हे भांडण मी आठवड्यातून एकदा तरी सोडवतो. कुणी चोरी केलेली नसते. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो: 1 टीबी म्हणजे 1 वर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज 1024 च्या पटीने मोजतं. त्या बारा शून्यांच्या आकड्याला 1024 ने तीनदा भागा, 931 येतात. याच हिशोबाने 500 ची डिस्क 465 दाखवते, 256 ची 238 आणि 32 चा पेनड्राइव्ह साधारण 29.8. मापं दोन आणि नाव एकच, हा सगळा गोंधळ. तो मिटवायला 1998 मध्ये 1024 वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरवून दिली गेली. विंडोजने ती घेतली नाहीत, ते आजही गिबी मोजून जीबी लिहितं. ॲपलच्या मॅकने 2009 पासून हजाराचा हिशोब धरला, म्हणून तीच डिस्क मॅकला लावली की 1 टीबी दिसते.

जुन्या फ्लॉपीवरचा 1.44 एमबी तर दोन्ही मापांत बसत नाही. तिच्यात 1440 गुणिले 1024 बाइट मावायचे. एकदा हजाराने आणि एकदा 1024 ने मोजलेली ही खिचडी आम्ही परीक्षेत घोकून लिहिली आणि मार्कही घेतले.

खरी फसवणूक वेगळी असते. जत्रेत, रस्त्यावर किंवा ऑनलाइन ‘2 टीबी पेनड्राइव्ह’ पाच-सहाशे रुपयांना मिळतो. आत चिप 32 किंवा 64 जीबीची आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं. कॉम्प्युटरला ती 2 टीबी सांगते, कॉपी होतानाही तक्रार करत नाही. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं, किंवा आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. असा ड्राइव्ह हातात आला तर त्यावर काही ठेवण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि भरलेलं परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण खोटेपणा लपत नाही.

बिट आणि बाइट, आणि मराठीचा हिशोब

“100 चं नेट घेतलंय, पण डाउनलोड 12 च्या वर जात नाही.” जायचंच नाही. नेटवाले मेगाबिट सांगतात, कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो आणि 8 बिटांचा 1 बाइट. 100 ला 8 ने भागले की साडेबारा. 12 दिसत असेल तर नेट अगदी झकास चाललंय. कंपनीला फोन करून वाद घालण्याआधी एवढा भागाकार करा.

दुसरी चूक पाठ्यपुस्तकातली. ‘1 बाइट म्हणजे 1 अक्षर’ हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. इंग्रजीसाठी ते चालतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह आजच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत 3 बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द बघा. आपल्या डोळ्यांना अक्षरं तीनच. कॉम्प्युटरच्या दृष्टीने व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी अशी दहा चिन्हं, म्हणजे 30 बाइट. खोटं वाटत असेल तर नोटपॅडमध्ये हा एकच शब्द लिहून यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा आणि प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा असतो आणि मराठीत लिहायला घेतलं की 70 वरच तुटतो, तेही याच जातीचं कारण. तिथे फक्त पद्धत वेगळी, दर चिन्हाला 2 बाइट. म्हणून ‘मराठी फाइल जड का’ असं विचारत व्हायरस शोधू नका.

पेनड्राइव्हच्या दोन चुका

पहिली इतकी नेहमीची की आता मी रागावतही नाही. कॉलेजचा मुलगा प्रोजेक्टची प्रिंट काढायला धावत येतो, पेनड्राइव्हवर फाइल आहे, पण उघडत नाही. आकार बघितला तर 2 केबी. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा बाण. त्याने डेस्कटॉपवरून फाइल आणलीच नव्हती, शॉर्टकट आणला होता. म्हणजे घराऐवजी घराचा पत्ता घेऊन आला. बाण दिसला तर त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या आणि तिथली खरी फाइल कॉपी करा. निघण्याआधी ती पेनड्राइव्हवरूनच एकदा उघडून बघा.

दुसरी, लग्नाचा 6 जीबीचा व्हिडिओ 32 च्या रिकाम्या पेनड्राइव्हवर जात नाही. जागा आहे, पण ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीच्या आतच असावी लागते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मावेल. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ते बाजूला काढून ठेवा. आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

माझी स्वतःची फजिती

सगळ्या चुका गिऱ्हाइकांच्याच, असं नाही. एका लॅपटॉपसाठी मी एम-2 एसएसडी मागवली. पातळ पट्टी, लांबी बरोबर, सॉकेटात छान बसली, स्क्रूही लागला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, मात्र तिचं नावच नाही. दोन तास मी बायोस उलटापालटा केला. मग लॅपटॉपची माहितीपत्रिका वाचली: त्या सॉकेटात फक्त साटा एसएसडी चालत होती आणि मी आणली होती एनव्हीएमई. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण बोली वेगळी. तेव्हापासून मॉडेलचा नंबर घेऊन माहितीपत्रिका बघितल्याशिवाय मी ऑर्डर टाकत नाही.

रॅमचंही तसंच. डीडीआर-3, डीडीआर-4, डीडीआर-5 एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या कडेला असलेली खाच मुद्दाम वेगवेगळ्या जागी ठेवलेली असते. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटला की मदरबोर्डच, म्हणजे आतला मुख्य बोर्डच, बदलायची वेळ येते. डेस्कटॉपची रॅम लांब, लॅपटॉपची आखूड. कित्येक पातळ लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, वाढवायची सोयच नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, दुकानात येण्याआधी ते बघून या.

‘सीपीयू चालू होत नाही’

सीपीयू म्हणजे तो मोठा डबा नव्हे. डब्याला कॅबिनेट म्हणायचं. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पंख्याखाली बसलेला, तळहातावर मावणारा. फोनवर कुणी ‘सीपीयू गेला’ म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि जाऊन बघावं तर पॉवरची केबल सैल.

पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आणि आत स्पीकर असेल तर पीप-पीप चालू, असं झालं तर पहिला संशय रॅमवर घ्या. आमच्या कोकणात पावसाळ्यात हे हमखास. दमट हवेने रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर धरतो. मुख्य बटण बंद करा, केबल काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. स्लॉटच्या क्लिपा बाहेर ढकलून रॅम काढा. पांढऱ्या खोडरबरने दात एकाच दिशेने, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी पुसा. भुसा नीट झटका, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. खाच जुळवून रॅम सरळ दाबा. ‘टक्’ आवाज येईपर्यंत ती बसलेली नसते. दहातली निम्मी मशीनं एवढ्यावर सुरू होतात.

हार्ड डिस्कमधून टक-टक, टक-टक येऊ लागलं तर मात्र उलट करा. ताबडतोब बंद करा आणि परत परत चालू करून बघू नका. आतली सुई तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नात डेटा कायमचा खरवडला जातो.

आणि एक छोटी गोष्ट. एका ताईंच्या कॉम्प्युटरवर बँकेची, सरकारी, कुठलीच साइट उघडेना, दर वेळी ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना. कुणीतरी विंडोज दोनदा नव्याने टाकून दिलं होतं आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. मी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, 1 जानेवारी 2012. मदरबोर्डवरचा सीआर-2032 हा 3 व्होल्टचा गोल सेल संपला होता, त्यामुळे मुख्य बटण बंद केलं की घड्याळ मागे जायचं. साइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, म्हणून ब्राउझर सगळ्यांवर संशय घेत होता. नवा सेल घातला, तारीख लावली. ताईंनी तिथेच बसून सातबारा डाउनलोड केला आणि विचारलं, “एवढ्याचे किती?” दोन वडापावचे झाले.