साक्षीदार पोलीस असेल तेव्हा: कागद कसे मिळवावेत, उलटतपासणीत काय टिकतं

तपास अधिकाऱ्याला पूर्वी शिक्षा झाली असेल, तर सरकारी पक्षाने ते आपणहून आरोपीला कळवावं, असा स्वतंत्र नियम आपल्याकडे नाही. मागाल तेच मिळतं. ‘सर्व कागदपत्रे मिळावीत’ हा मोघम अर्ज मात्र बहुधा फेटाळला जातो.

सुरुवात सीसीटीव्हीपासून करा, कारण तेच आधी पुसलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार (२०२०) पोलीस ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि तेवढी साठवण शक्य नसेल तरी किमान १ वर्ष जपायचं आहे. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. प्रत मिळताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (पुराव्याचा नवा कायदा) च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र सोबत घ्या.

आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत दोषारोपपत्राच्या नकला मिळायला हव्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम २३०). पानं मोजल्याशिवाय पोच देऊ नका. मग तपासात गोळा केलेल्या, पण सरकारी पक्ष ज्यांवर विसंबलेला नाही, अशा जबाबांची, दस्तऐवजांची आणि वस्तूंची यादी मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (२०२२) निकालाचा आधार द्या. त्यातलं हवं ते, शिवाय स्टेशन डायरीतली (ठाण्यातल्या घडामोडींची नोंदवही) त्या दिवसाची नोंद, मुद्देमाल नोंदवही आणि गाडीचं लॉगबुक संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयामार्फत मागवता येतं. छाप्याची वेळ खोटी असेल तर ती बहुतेक वेळा लॉगबुकातच सापडते.

केस डायरी, म्हणजे तपास अधिकाऱ्याने ठेवलेली तपासाची रोजची नोंद, आरोपीला मागता येत नाही (संहितेचं कलम १९२). पण अधिकाऱ्याने साक्ष देताना ती उघडून पाहिली, तर तेवढा भाग पाहण्याचा हक्क मिळतो. म्हणून त्याने डायरी पाहिली हे त्याच क्षणी न्यायालयाकडून नोंदवून घ्या; नंतर सांगून उपयोग नसतो.

विभागीय चौकशीचे कागद माहिती अधिकारात मागितले, तर सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश देशपांडे निकाल (२०१२) आडवा येतो: कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा ही वैयक्तिक माहिती ठरली आहे. तेव्हा न्यायालयामार्फतच मागा आणि संबंध दाखवा. ‘गैरवर्तनाची चौकशी झाली’ एवढं पुरत नाही. ‘दुसऱ्या गुन्ह्यात पंच हजर नसताना पंचनामा केल्याचा ठपका आहे’ हे मुद्द्याला लागतं.

इथे एक सापळा आहे. केवळ चारित्र्य डागाळणारा प्रश्न विचारला आणि साक्षीदाराने नकार दिला, तर तो खोडायला पुरावा देता येत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम १५६). अपवाद दोनच: पूर्वीची दोषसिद्धी आणि पक्षपात. त्यामुळे जुन्या वैराचा किंवा आरोपीने आधी केलेल्या तक्रारीचा कागद हाताशी असेल, तर प्रश्न पक्षपाताच्या अंगानेच घ्या. फिर्यादी स्वतः पोलीस असेल, तर फिर्याद हा त्याचाच आधीचा लेखी जबाब आहे. विसंगत भाग आधी त्याला नेमका दाखवा (कलम १४८). तो न दाखवता थेट युक्तिवादात मांडला की सगळी मेहनत वाया जाते.

अधिकाऱ्यावरच खटला भरायचा असेल, तर आधी त्याची पायरी, म्हणजे पदाचा दर्जा, पाहा. संहितेच्या कलम २१८ चं संरक्षण (कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही) मुळात सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता न येणाऱ्यांना आहे; खालच्या पायरीसाठी राज्याची अधिसूचना तपासावी लागते. मंजुरीच्या अर्जावर १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती दिल्याचं मानलं जातं. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ सुद्धा आहे: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल ६ महिन्यांत, आणि राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तर २ वर्षांत, खटला दाखल व्हायला हवा. तारीख मोजायची ती कृत्याच्या दिवसापासून, चौकशी संपल्यापासून नव्हे.