'आमच्या टॅक्सवर फुकट खातात' असं कोणी म्हणालं की काय करायचं

सरकारी मदत घेणाऱ्यांबद्दलच्या याच वाक्यावरून माझं मेहुण्याशी चार महिने बोलणं बंद होतं. नंतर शांतपणे बसलो तेव्हा कळलं की आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होतो, म्हणून हे लिहितोय.

आवाज चढायच्या आत विचारा, कुठली मदत म्हणताय? हप्ते भरून मिळणारी पेन्शन वेगळी आणि उत्पन्न बघून मिळणारी मदत वेगळी. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीसाठी (तिथली सरकारी पेन्शन योजना, कायदा १९३५ चा) पगारातून ६.२ टक्के कापतात आणि मालक तेवढेच भरतो, तिथल्या पेन्शनरला फुकटा म्हटलं तर तो भडकणारच. पण त्याचे पैसे त्याच्या नावाने कुठे बाजूला ठेवलेले नसतात हेही खरंय, ते बहुतांशी त्या वेळच्या म्हाताऱ्यांना गेले आणि आज त्याला मिळतंय ते आज नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून.

मग विचारा, कुठला टॅक्स? इथेच खरी गडबड होते, लोक टॅक्स म्हणजे फक्त इन्कम टॅक्स धरून चालतात. दुकानाचं एखादं बिल काढा आणि खालची टॅक्सची ओळ दाखवा, ती भरताना कोणी तुमचा पगार विचारत नाही. समजा खर्चातले १० टक्के टॅक्समध्ये जातात. १००० कमावणाऱ्याचे सगळेच खर्च होतात, म्हणजे १०० गेले, कमाईचा दहावा हिस्सा. १०,००० कमावणारा ४००० खर्च करतो, त्याचे ४०० गेले, म्हणजे कमाईचे ४ टक्के. आकड्याने त्याने जास्त भरले आणि वर इन्कम टॅक्सही भरतो, हे मान्य करा, नाहीतर तो पुढचं ऐकणारच नाही, पण पहिला काहीच भरत नाही हे साफ चूक आहे.

टॅक्समधली सूट पण मोजा हं. घरकर्जाच्या व्याजावर एकाला सूट दिली काय आणि दुसऱ्याच्या खात्यात तेवढेच पैसे टाकले काय, तिजोरीत खड्डा सारखाच पडतो.

खोटे लाभार्थी हा मुद्दा येतोच, आणि तो उडवून लावू नका, चोरी होते. फक्त कागदपत्रं वाढवली की चोरांसोबत ज्या म्हातारीच्या दोन कागदांवर नाव वेगवेगळं लागलंय तीही बाहेर फेकली जाते, तेव्हा किती चोर पकडले यासोबत किती खरे गरजू वगळले गेले हेही विचारायचं.

'लोक आळशी होतात' यावर मात्र तत्त्वज्ञान नको, मदत बंद कशी होते ते बघा. मदतीसाठी ठरलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेच्या वर पगार १०० ने गेला आणि ५०० ची मदत एका झटक्यात बंद झाली तर तो माणूस ४०० च्या तोट्यात जातो, मग तो ओव्हरटाइम कशाला करेल? तीच मदत हळूहळू कमी होत गेली तर प्रत्येक वाढीव तासाचे थोडे तरी पैसे त्याच्या हातात राहतात. मेहुण्याला हे गणित कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, मग मर्यादेच्या नियमावर भांडू या.